विम्याची चतुःसीमा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर घटकाभर उभे राहिले, तरी आपल्या भागातील माणसे कोणकोणत्या वाटांनी पोटामागे जातात हे ध्यानात येते. धुळे-सोलापूर हमरस्ता येथून जातो आणि जामखेड-पाटोद्याकडून आलेला रस्ता येथूनच केज-अंबाजोगाईकडे निघतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच फाट्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांत बसून कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात जातात. त्याच फाट्यावर एखादी आई नव्याकोऱ्या बॅगेवर हात ठेवून पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी असते. मुलगा अमेरिकेत आहे, सुनेचे दिवस भरत आले आहेत, आणि बाईंना सहा महिन्यांसाठी तिकडे जायचे आहे.

या दोन प्रवाशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु मागे राहिलेल्या घरच्या माणसांच्या मनात दोन्हीकडे धास्ती एकच असते. परमुलुखात काही दुखणे उद्भवले आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, तर पैसा कोण देणार? या प्रश्नाला बहुतेक घरांत एक ठरीव उत्तर मिळते : "आपले कार्ड आहे की!" किंवा "आपला विमा आहे की!" हे उत्तर पुरते खोटे नाही आणि पुरते खरेही नाही. ते आपल्यापुरते कितपत खरे आहे हे घर सोडण्यापूर्वी कसे ओळखावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे. तो आम्हांला ग्रंथांतून सुचलेला नाही. घरच्या एका प्रसंगाने तो आम्हांला शिकवला; तो प्रसंग पुढे ओघाने येईल.

अनोळखी लोकांची इर्जिक

विमा ही काही आपल्याला अगदी परकी कल्पना नव्हे. आपल्याकडे इर्जिक होती. ऐन पेरणीच्या तोंडावर एखाद्याचा बैल बसला, तर गावातील दहा शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत, दिवसभरात त्याचे रान करून देत आणि त्याच्या घरचे चार घास खाऊन परत जात. आज त्याची पाळी, उद्या आपली, एवढाच त्यातला हिशेब. कागद नव्हता की सही नव्हती, कारण दहाही जण एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते.

विमा म्हणजे अनोळखी लोकांची इर्जिक. लाखो माणसे थोडाथोडा हप्ता एका राशीत टाकतात आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्या राशीतून मिळते. मात्र माणसे अनोळखी असल्यामुळे ओळखीची जागा येथे कागदाला घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इर्जिकीलाही शीव होती. तीन तालुके ओलांडून कोणी कोणाच्या रानात औत नेत नसे. विम्यालाही तशीच शीव असते. इर्जिकीची शीव सर्वांना पाठ होती. विम्याची शीव कागदावर असते आणि तो कागद आपण वाचत नाही, एवढाच फरक.

ही शीव कशी आखली जाते याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचे आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा सुरू झाला. आपल्या देशात प्रा. बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आजारविम्यासंबंधी १९४४ साली अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. योजना थोर होती, यात शंका नाही. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी उद्योगांच्या व्याख्येत साखरेचे व गुळाचे नाव स्पष्ट लिहिले होते. ऊस तोडणाऱ्याचे नाव तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते. तो मुकादमाच्या वहीतला माणूस. ज्या धंद्यावर आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांची चूल पेटते, तो धंदा असा या विम्याच्या शिवेबाहेर राहिला.

चार बाजू

जमिनीचे खरेदीखत करताना आपण आधी चतुःसीमा पाहतो. पूर्वेस कोणाचे रान, पश्चिमेस ओढा की वाट, दक्षिणेस काय, उत्तरेस काय, हे लिहून झाल्याशिवाय आपण किमतीवर येत नाही. विम्याच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. "किती लाखांचा?" हा पहिला प्रश्न, आणि बहुधा तोच शेवटचा. आमचे सांगणे असे की विम्याचा कागदही खरेदीखतासारखा वाचावा : आधी चतुःसीमा, मग रक्कम. या चार बाजू म्हणजे माणूस, मुलूख, मुदत आणि आजार. चारही बाजूंच्या आत प्रसंग घडला तरच रक्कम मिळते. एक बाजू जरी ओलांडली गेली, तर पाच लाखांचा विमा आणि पन्नास लाखांचा विमा यांत काही फरक राहत नाही.

माणूस म्हणजे ज्याचे नाव कागदावर आहे तो. नाते पुरेसे नसते, नाव लागते. मुलूख म्हणजे ज्या प्रदेशातील उपचारांना तो करार लागू आहे तो प्रदेश. आपल्या देशातील बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत हा मुलूख भारतापुरता असतो. काही महागड्या पॉलिसींत परदेशातील उपचार असतात, पण त्यांतही अनेकदा काही ठरावीक मोठे आजार आणि आधी कळवून घेतलेली परवानगी अशा अटी असतात.

मुदत ही दिसायला सोपी, पण फसवी बाजू आहे. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले तीस दिवस बहुधा काही मिळत नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो. तो जास्तीत जास्त ३६ महिने असावा असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली ठरवून दिले. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, तर पुढे 'तुम्ही अमुक गोष्ट सांगितली नव्हती' या कारणावरून, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येत नाही. म्हणून एक वर्ष हप्ता चुकवून पुन्हा नवी पॉलिसी घेण्यात जे नुकसान आहे ते हप्त्याच्या रकमेहून पुष्कळ मोठे असते. मात्र ही वर्षांची बेरीज आपल्या देशातील आरोग्य पॉलिसीची आहे. प्रवासापुरत्या घेतलेल्या विम्याला तिचा आधार धरू नये.

चौथी बाजू आजाराची. काय भरून मिळेल आणि काय मिळणार नाही, याची यादी प्रत्येक कागदात असते. माणसे ती शेवटी वाचतात. ती आधी वाचावी.

फडावरचा संसार

आता पहिल्या वाटेने जाऊ. राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरपासून ती सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पूर्वी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ च्या जुलैमधील शासननिर्णयाने ती पाच लाखांवर नेली, आणि १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे असा भेद न ठेवता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना योजनेत घेतले. हप्ता रुग्णाने भरावयाचा नाही. योजनेतील रुग्णालयात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णाचे जेवण हे सारे ठरलेल्या रकमेत येते.

हे कवच मोठे आहे. पण त्याचीही चतुःसीमा पाहू.

माणूस : तोडीला जाणारा 'कोयता' म्हणजे नवराबायको, आणि पुष्कळदा नुकतेच लग्न झालेले. मुलीचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर असते. सासरच्या पत्रिकेवर ते चढवायचे राहून जाते. दुखणे आल्यावर रुग्णालयात कागद मागतात तेव्हा ही गोष्ट उघड होते. नाव माहेरी आहे, माहेरची पत्रिका माहेरच्या पेटीत आहे, आणि बाई कोल्हापूरच्या फडावर आहे. अशा वेळी योजना असते, पाच लाखही असतात, फक्त बाई त्यांच्या आत नसते.

मुलूख : कोल्हापूर, सांगली, सातारा येथील योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात बीडच्या कुटुंबाला उपचार मिळतात, त्यासाठी बीडला परतावे लागत नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि माणसे दुखणे अंगावर काढून गावाची वाट धरतात. परंतु टोळी बेळगाव-बागलकोटकडे गेली की शीव बदलते. केवळ राज्याच्या योजनेचे कवच महाराष्ट्राबाहेर चालत नाही. ज्यांची नावे केंद्राच्या आयुष्मान योजनेत आहेत त्यांना मात्र देशातील कोणत्याही राज्यात, त्या योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात, उपचार मिळू शकतात. म्हणजे एकाच टोळीतील, एकाच गावच्या दोन कुटुंबांपैकी एकाला कर्नाटकात कवच आहे आणि दुसऱ्याला नाही, असे होऊ शकते. या शिवेचे महत्त्व किती, हे सीमाभागावरून कळते. कर्नाटकातील ८६५ मराठी गावांना फुले योजना लागू करण्यासाठी महाराष्ट्र शासनाला २०२३ साली वेगळा निर्णय करावा लागला. शीव हलवायला शासननिर्णय लागतो. रात्री दोन वाजता पोटात कळ आलेल्या माणसाला ती हलवता येत नाही.

आजार : योजनेत उपचारांची ठरलेली यादी आहे, आणि ते ठरलेल्या रुग्णालयांतच मिळतात. रस्त्यावरच्या पहिल्या दवाखान्यात दाखल होऊन मागाहून पावत्या आणल्या, तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून दारात पाय ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न असा विचारावा : "येथे आरोग्यमित्र कोठे बसतात?" योजनेतील रुग्णालयात हा माणूस असतोच. तो नसेल, तर ते रुग्णालय बहुधा योजनेत नाही असे समजावे आणि १५५३८८ किंवा केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ या क्रमांकावर जवळचे रुग्णालय विचारून घ्यावे. जिवावरचा प्रसंग असेल, तर अर्थातच जवळच्या दवाखान्यात आधी जीव वाचवावा, कागद त्यानंतर.

येथे एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. वयोगट नेमके सारखे नसतील हे मान्य केले, तरी अंतर डोळ्यांत सलण्यासारखे आहे. एक दिवस काम बुडाले की खाडा कापला जातो. फडावर आडोसा नाही, पाणी नाही. दुखणे अंगावर काढता येत नाही आणि दवाखान्यासाठी सुट्टीही परवडत नाही. अशा बाईला 'एकदाचे काढून टाका' हा सल्ला सुटकेसारखा वाटला, तर तिला दोष कोणी द्यावा? खाजगी शस्त्रक्रियेचा खर्च उचलीत किंवा कर्जात मिळवला जातो आणि पुढच्या हंगामात अंगातून फेडला जातो.

विमा असता तर हे टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. बिहार व छत्तीसगडमध्ये २०१२ साली नेमकी उलटी गोष्ट उघडकीस आली. तेथे गरिबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा पैसा मिळवण्यासाठी अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी झाल्या. तात्पर्य, विमा खर्च देतो. शस्त्रक्रिया करावी की नाही याचा विवेक देत नाही. तो विवेक दुसऱ्या डॉक्टराच्या मतातून, तोही शक्यतो सरकारी रुग्णालयातील डॉक्टराच्या मतातून, मिळवावा लागतो. जिल्हा रुग्णालय बीडला आहे आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जी शस्त्रक्रिया आठ दिवस थांबू शकते, तिच्यासाठी दुसरे मत घ्यायला एक दिवस काढता येतो.

तीन विमे आणि एक बिल

आता दुसरी वाट, सातासमुद्रापलीकडची. आमच्या थोरल्या वहिनी काही वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेल्या. घरात विम्याची वाण नव्हती. दादांनी स्वतःचा आणि वहिनींचा पाच लाखांचा मेडिक्लेम वर्षानुवर्षे चालू ठेवला होता. पुतण्याला त्याच्या नोकरीतून आरोग्यविमा होता. शिवाय निघण्याच्या आदल्या आठवड्यात दादांनी एका कंपनीचा प्रवासविमा घेतला. दोन-तीन होते, त्यांतला स्वस्त तो.

तिसऱ्या महिन्यात एका मध्यरात्री वहिनींच्या उजव्या बरगडीखाली असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या. रुग्णवाहिकेने त्यांना रुग्णालयात नेले. पित्ताशयाला सूज होती; दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला, तो पैसे देऊ शकेल की नाही हे न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्यामुळे दारात कोणी अडवले नाही. त्या उपचारांचे बिल मात्र माफ होत नाही. ते मागाहून आले, आणि एक नव्हे, चार : रुग्णालयाचे निराळे, शस्त्रवैद्याचे निराळे, भूल देणाऱ्याचे निराळे, रुग्णवाहिकेचे निराळे.

मग तिन्ही विम्यांचे कागद बाहेर निघाले. मेडिक्लेम भारतापुरता होता : मुलुखाची शीव. पुतण्याच्या विम्यात त्याची बायको आणि मूल होते, आईवडील नव्हते. तेथील नोकरीच्या विम्यात ते सहसा बसतच नाहीत : माणसाची शीव. उरला प्रवासविमा. कंपनीने जुने वैद्यकीय कागद मागितले. दोन वर्षांपूर्वी बीडला काढलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते. तेव्हा त्रास नव्हता, म्हणून डॉक्टरांनी 'असू द्या' म्हटले आणि घरातील सर्वजण ते विसरले. विम्याचा अर्ज भरताना दादांनी 'आजार नाही' असे सांगितले. त्यांच्या मते ते खरेच होते. कंपनीने हा पूर्वीचा आजार ठरवला आणि जिवावरचा प्रसंग टाळण्यापुरती जी छोटी मर्यादा करारात होती, तेवढीच रक्कम दिली. आजाराची शीव. तीन विमे, आणि तिन्ही निरनिराळ्या बाजूंनी अपुरे. मुदतीची चौथी बाजू तेवढी शाबूत होती, पण तिच्या एकटीचा उपयोग काय?

पुढे पुतण्याने तपशीलवार बिल मागितले, आर्थिक साहाय्यासाठी अर्ज केला. तेथील धर्मादाय रुग्णालयांना अशा साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते, असा २०१० पासूनचा कायदा आहे. ते कोणाला द्यायचे हे मात्र रुग्णालय ठरवते. रक्कम बरीच कमी झाली आणि उरलेली त्याने दोन वर्षे हप्त्यांनी फेडली. वहिनी बऱ्या होऊन परत आल्या. पण "माझ्यामुळे पोरगा कर्जात गेला" हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकले, की शस्त्रक्रियेची जखम भरली तरी ही भरली नाही असे म्हणावे लागते. खडे आहेत हे ठाऊक असताना सहा महिन्यांचा प्रवास ठरला, तेव्हाच डॉक्टरांना पुन्हा विचारायला हवे होते. ते येथे, आपल्या मुलुखात, आपल्या पाच लाखांच्या आत निस्तरता आले असते.

स्वस्त कागद आणि महाग कागद

प्रवासी पाहुण्यांसाठी अमेरिकेत जे विमे मिळतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक गोष्टीची ठरीव रक्कम असते : खोलीला दिवसाला इतके, शस्त्रवैद्याला इतके. प्रत्यक्ष बिल कितीही असो, मिळणार तेवढेच. दुसऱ्यात आरंभीची थोडी रक्कम आपण सोसावयाची, पुढच्या टप्प्यात काही हिस्सा आपला, आणि त्यानंतर मर्यादेपर्यंत सारे कंपनीचे.

समजुतीसाठी कल्पित आकडे घेऊ. बिल ४०,००० डॉलर. पहिल्या प्रकारच्या विम्यात तक्त्याप्रमाणे सर्व मिळून १२,००० डॉलर मिळाले, तर घरावर २८,००० चा भार. दुसऱ्या प्रकारात पहिले ५०० आपले, पुढच्या ५,००० पैकी पाचवा हिस्सा म्हणजे १,००० आपले, उरलेले कंपनीचे. घरावर भार १,५०० चा. दोन्ही कागदांवर 'मर्यादा ५०,००० डॉलर' हेच शब्द ठळक छापलेले असतात. हप्त्यातील फरक थोडा असतो आणि तो पाहूनच माणसे पहिला प्रकार उचलतात. अमेरिकेतील अनेक विम्यांत 'पूर्वीच्या आजाराचा अचानक उठाव' असे एक कलम असते. ते कोणत्या वयापर्यंत आणि किती रकमेपर्यंत आहे, हे पाहिल्याविना साठी ओलांडलेल्या माणसाचा विमा घेऊ नये.

देशोदेशीचे नियमही वेगळे आहेत. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. कॅनडात आईवडिलांना दीर्घकाळ राहण्यासाठी जो सुपर व्हिसा मिळतो, त्याला किमान एक लाख कॅनडियन डॉलरांचा, वर्षभराचा विमा लागतो. अमेरिकेच्या पाहुण्याच्या व्हिसाला अशी सक्ती नाही. म्हणूनच तेथे विसर पडतो. इंग्लंडात अपघात विभागातील तपासणी फुकट असली, तरी भारतातून पाहुणा म्हणून गेलेल्याला रुग्णालयात दाखल करून घेतले, की त्यांच्या राष्ट्रीय दराच्या दीडपट आकार लागतो. 'तिकडे सारे फुकट असते' ही आपल्याकडची समजूत पाहुण्यांच्या बाबतीत खरी नाही.

निघण्यापूर्वी

आता करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी कराव्यात, आणि तिन्ही घरी बसून होण्यासारख्या आहेत.

पहिली, खरे सांगावे. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. साखर, रक्तदाब, जुने खडे, जुनी शस्त्रक्रिया, सारे अर्जात लिहावे आणि अर्जाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. एजंट 'एवढे कशाला लिहिता' म्हणाला, तर त्याने हे कागदावर लिहून द्यावे असे म्हणावे. तो बहुधा गप्प बसेल.

दुसरी, चारही बाजूंचे चार प्रश्न एका कागदावर लिहून त्यांची उत्तरे कंपनीकडून किंवा योजनेच्या केंद्रातून घ्यावीत. कोणाकोणाची नावे आहेत? कोणत्या राज्यात, कोणत्या देशात चालते? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? आज जो आजार आहे त्याचे काय? तो कागद, पॉलिसीचा क्रमांक आणि तातडीचा दूरध्वनी प्रवाशाच्या पिशवीत एक आणि घरी एक असा ठेवावा.

तिसरी, दाखल होताच कळवावे. देशातील पॉलिसीत कॅशलेसची मागणी आली, की कंपनीने एका तासात आणि रुग्णाला घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यावा, असे २०२४ च्या नियमांत आहे. दावा अन्यायाने नाकारला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. उत्तर पटले नाही किंवा तीस दिवसांत आलेच नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या भागाचे कार्यालय पुण्यास आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे गाऱ्हाणे तेथे चालते. मात्र हा लोकपाल आपल्या देशातील कंपन्यांपुरता. अमेरिकेत घेतलेल्या विम्याचे गाऱ्हाणे अमेरिकेतच न्यावे लागते. येथेही शीव आलीच!

वसंत व्याख्यानांचे हे दिवस आणि तोडीवरून माणसे परतण्याचे दिवस साधारण एकच. आता फाट्यावर ट्रक थांबत आहेत. भांडी, शेरडे, पोरे उतरत आहेत. पुन्हा निघायला दसऱ्यापर्यंत पाच-सहा महिने आहेत. नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढवणे, आपले नाव आयुष्मानच्या यादीत आहे की नाही हे विचारणे, ते असेल तर कार्ड काढून घेणे, एवढ्याला हा अवधी पुरेसा आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारच्या एका घराचा कागद वाचून द्यावा. इर्जिकीत औत नेत होते. आता अर्ध्या तासाचे वाचन न्यायचे आहे. दुखणे कोठे गाठेल हे आपल्या हाती नाही, पण ते गाठेल तेव्हा आपण शिवेच्या आत आहोत की बाहेर, हे आज घरी बसून कळण्यासारखे आहे.